एकही प्रश्न न विचारणारा पेनड्राइव्ह

मी कळंब तालुक्यातल्या एका शाळेत संगणक शिकवतो. म्हणजे लाईट असेल त्या तासाला शिकवतो आणि नसेल त्या तासाला संगणक हा विषय किती महत्त्वाचा आहे यावर बोलतो. मुलांना दुसरा तास जास्त आवडतो, कारण त्यात गृहपाठ नसतो.

आमच्या प्रयोगशाळेत बावीस संगणक आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या पडद्यावर एक सूचना दिसायला लागली. तुमच्या जुन्या सिस्टिमला यापुढं अपडेट मिळणार नाहीत, नवी घाला. आमची यंत्रं इतकी म्हातारी होती की नवी सिस्टिम त्यांना पेलली नसती. मग मी ठरवलं की सगळ्यांवर लिनक्स टाकायची. ती फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही बरी चालते. एवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

एका संगणकावर नवी सिस्टिम टाकायची म्हणजे पेनड्राइव्ह लावून समोर बसावं लागतं. तो प्रश्न विचारत राहतो. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, देश कोणता, नाव काय, पासवर्ड काय, आणि शेवटी, या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, नक्की ना? दर वेळी तेच प्रश्न आणि तीच उत्तरं. चौथ्या संगणकाला मी वैतागलो आणि पाचव्याला मला बुद्धी सुचली. त्या वेळी तरी मी तिला बुद्धीच म्हणत होतो.

मी एक स्क्रिप्ट लिहिली. ती सिस्टिमची फाईल उतरवून घ्यायची, तपासायची, पेनड्राइव्हवर चढवायची, आणि सोबत उत्तरांची एक फाईल ठेवायची. संगणकानं प्रश्न विचारायच्या आत त्याला उत्तर मिळायचं. पेनड्राइव्ह लावा, बटण दाबा, चहाला जा. परत याल तेव्हा सिस्टिम नवी. दर शनिवारी सकाळी सगळे संगणक आपणहून अपग्रेड व्हावेत म्हणून दुसरीही एक छोटी स्क्रिप्ट होती. पेनड्राइव्हच्या उरलेल्या जागेत मला माझ्या फायली ठेवता याव्यात अशी सोय मी केली होती. सगळं संपलं की पडद्यावर मोठ्या अक्षरात मराठीत एक ओळ यायची. "अभिनंदन! आपला संगणक आता नवा झाला आहे." त्या ओळीचा रंग ठरवण्यात माझी एक अख्खी दुपार गेली होती.

शेवटचा प्रश्न, तो 'नक्की ना?' वाला, काही केल्या जात नव्हता. ती सिस्टिम लिहिणाऱ्यांनी तो मुद्दाम हट्टी ठेवला होता. मी दोन दिवस त्याच्या मागं लागलो. अखेर तोही गप्प झाला, तेव्हा मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं, "आता माणसाची गरजच उरली नाही." मराठीच्या मॅडम वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मग तुम्ही काय करणार?" मी हसलो. तो विनोद आहे असं मला वाटलं.

प्रयोगशाळेचं काम एका दिवसात उरकलं. मी खुर्चीत बसून चहा प्यायलो आणि एकेका पडद्यावर अभिनंदन उमटताना बघितलं. मुख्याध्यापक येऊन बघून गेले. म्हणाले, "याचा अहवाल करा. संस्थेला पाठवू." अहवाल मी त्याच रात्री घरी तीन पानांचा लिहिला. 'मानवी हस्तक्षेपाविना' हा शब्दप्रयोग त्यात सात वेळा आला होता. तो मी त्याच पेनड्राइव्हवर ठेवला.

शाळेत चालू स्थितीतला प्रिंटर एकच आहे आणि तो ऑफिसात आमच्या कारकून बाईंच्या टेबलावर आहे. बाई याच गावातल्या. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. शाळेचं जनरल रजिस्टर त्यांच्या ताब्यात असतं. शाळा जुनी, निजामाच्या काळातली, त्यामुळं सुरुवातीची चार रजिस्टरं उर्दूत आहेत. दाखल्यांसाठी जुन्या नोंदी मागायला लोकांची रीघ लागली तेव्हा ती रजिस्टरं वाचणारं शाळेत कुणी नव्हतं. बाईंनी गावातल्या एका निवृत्त गुरुजींना गाठलं, ज्यांचं लहानपणीचं शिक्षण उर्दूत झालं होतं. गुरुजी वाचत गेले, बाई कागदावर उतरवत गेल्या आणि मग संगणकावर चढवत गेल्या. दोन हिवाळे हे काम चाललं. चारही रजिस्टरं संगणकावर आली. कागद नीट चढले म्हटल्यावर बाईंनी ते रद्दीत घातले, कारण मीच एकदा त्यांना सांगितलं होतं, "बाई, आता कागदाचा जमाना गेला."

मी अहवाल छापला. बाई म्हणाल्या, "सर, लई चांगलं काम केलं म्हणं तुम्ही." मी लाजल्यासारखं केलं, पानं घेतली, मुख्याध्यापकांकडं गेलो. पेनड्राइव्ह बाईंच्या संगणकालाच राहिला.

अर्ध्या तासानं लाईट गेली. आली तेव्हा बाईंनी नेहमीसारखं बटण दाबलं. सत्राच्या सुरुवातीला मी शाळेतल्या सगळ्या संगणकांना एक सवय लावून ठेवली होती, सुरू होताना आधी पेनड्राइव्हकडं बघायचं. माझ्या सोयीसाठी. बाईंच्या संगणकानं बघितलं. पेनड्राइव्हनं त्याला काही विचारलं नाही, कारण विचारायचं मी शिल्लकच ठेवलं नव्हतं.

पुढचं मला शिपाईमामांनी सांगितलं. पडद्यावर पांढऱ्या ओळी पळायला लागल्या तशा बाई म्हणाल्या, "सरांचं कायतरी चालू हाय. कुणी हात लावू नका." शिपाईमामा झाडू मारायला आले तर बाईंनी त्यांनाही थांबवलं, वायरला धक्का लागेल म्हणून. माझ्यावर एवढा विश्वास माझ्या घरीही कुणी ठेवत नाही.

मी परतलो तेव्हा अभिनंदन आलेलं होतं. हिरव्या रंगात.

बाई खुर्चीत बसून ती ओळ वाचत होत्या. म्हणाल्या, "सर, झालं वाटतं. आता माझं रजिस्टर कुठनं उघडायचं?"

मी खाली बसलो. मी दोन-तीन ठिकाणी उगाच क्लिक केलं. जिथं काही नाही हे मला ठाऊक होतं तिथंही केलं. मग विचारलं, "बाई, बॅकअप?"

"तुम्हीच घेत होता की," बाई म्हणाल्या.

घेत होतो. त्याचीही स्क्रिप्ट होती. ती रोज दुपारी दोन वाजता सगळ्या फायलींची प्रत त्याच संगणकाच्या, त्याच डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवायची. नव्या सिस्टिमनं कप्पे बघितले नाहीत, सगळी डिस्क घेतली.

मी खरं ते सांगितलं. सांगताना निम्मे शब्द इंग्रजी वापरले, म्हणजे ऐकणाऱ्याला ते जरा लांबचं वाटावं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे गेलं?"

"गेलं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "मला वाटलं चांगलंच काहीतरी चाललंय," एवढंच म्हणाल्या. मग उठून पाणी प्यायल्या आणि माझ्यासाठीही एक ग्लास आणला.

दुसऱ्या दिवशी ती डिस्क काढून मी लातूरला एका दुरुस्तीवाल्याकडं नेली. त्यानं दोन तास खटपट केली आणि विचारलं, "हे पुसलंय कुणी?" मी म्हणालो, आमच्याकडं एक सर आहेत. तो म्हणाला, "लई मन लावून पुसलंय हो. काहीच ठेवलं न्हाय." परतीच्या एसटीत मी त्या सरांबद्दल येडशीपर्यंत विचार केला.

मुख्याध्यापकांनी मला आणि बाईंना एकत्र बोलावलं. मी म्हणालो, चूक माझी आहे. हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच विनाअट बोललो असेन. मुख्याध्यापकांनी बाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "मूळ रजिस्टरं हायेत. गुरुजी हायेत. पण मी न्हाय करणार दुसऱ्यांदा. सर करतील. आणि मशीनवर न्हाय सोडायचं, स्वतः बसायचं." मुख्याध्यापकांनी मान डोलावली. निघताना मी विचारलं, तो अहवाल? ते म्हणाले, "तो गेला की कालच."

गुरुजी नव्वदीला टेकलेले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं ते करू देत नव्हते. म्हणायचे, एक बिघडला तर एक तरी राहू द्या. सकाळचं ऊन अंगणात आलं की त्यांना अक्षर दिसायचं, म्हणून रोज शाळेआधी तासभर आणि रविवारी दुपारपर्यंत असं ठरलं. पहिल्या दिवशी मी कापडात बांधलेलं रजिस्टर आणि लॅपटॉप घेऊन गेलो. गुरुजींनी मला खालून वरपर्यंत बघितलं.

"बाईंनी तर मागंच लिहून नेलं हे सगळं. पुन्हा कशापायी?"

"माझ्याकडून पुसलं गेलं."

"पाण्यात पडलं?"

"न्हाय. मी एक यंत्रणा केली होती. ती आपोआप..." मी पाच मिनिटं समजावून सांगितलं.

गुरुजी म्हणाले, "म्हंजे न इचारता पुसणारं मशीन तुम्ही सोता केलं. आन त्याला लई कष्ट घेतले."

मी म्हणालो, "व्हय."

"बसा," ते म्हणाले. "चहा घेता का, का त्योबी आपोआप येतो?"

इथं मी एक कबुली देतो. तरीही मी सुधारलो नव्हतो. दुसऱ्याच दिवशी मी पानांचे फोटो काढून, अक्षर ओळखणाऱ्या एका प्रोग्रामला ते वाचायला दिले. वाटलं, गुरुजींना त्रास नको. प्रोग्रामनं एका पानाचा मराठीत मजकूर काढला खरा. मी तो गुरुजींना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी पान डोळ्याजवळ नेलं आणि हसत सुटले, इतके की आतून सूनबाई बघायला आल्या. "अवं, हे पोराचं नाव हाय. तुमचं मशीन याला शेरभर तेल म्हनतंय."

मग मी गुपचूप टंकायला लागलो. नाव, वडलांचं नाव, गाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सबब. गुरुजी एकेक शब्द उच्चारायचे, बोट ठेवायचे, थांबायचे. सकाळभरात दोन पानं झाली की खूप झालं. माझ्या पेनड्राइव्हनं ते सगळं पुसायला वीस मिनिटं घेतली होती.

तारखा फसली सालातल्या होत्या, निजामाच्या कारभारातल्या. गुरुजींनी सांगितलं की फसलीत पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी साल येतं. माझे डोळे चमकले. एवढी बेरीज तर स्क्रिप्ट करेल. मी एका ओळीचं सूत्र लिहिलं आणि तोवर टंकलेल्या सगळ्या तारखा एका क्षणात बदलून टाकल्या. गुरुजींना अभिमानानं ताज्या पानावरून वाचून दाखवायला लागलो. सहाव्या-सातव्या नावाला त्यांनी हात वर केला.

"थांबा. ह्यो माझ्यापेक्षा बारका. ह्याला वढा वलांडताना म्या पाठीवर घ्यायचो. तुम्ही ह्याला माझ्या बरुबरीचा केला."

"सूत्र बरोबर आहे, गुरुजी."

"सूत्र बरुबर आसंल. पोरगं बारकंच व्हतं."

अर्ध्या तासानं उलगडा झाला. फसली साल ऑक्टोबरात सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरला पाचशे नव्वद, पण जानेवारी उजाडला की पाचशे एक्क्याण्णव. गुरुजींना हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की सांगायचं सुचलंच नाही, आणि विचारायचं मला सुचलं नाही. मी एका क्षणात निम्म्याहून अधिक पोरांना वर्षानं म्हातारं करून ठेवलं होतं. त्या दिवसापासून प्रत्येक तारीख मी गुरुजींसमोर बोटांवर मोजली. ते महिन्याचं नाव घ्यायचे, आजुर, दै, बहमन, आणि मी परीक्षेला बसल्यासारखा उत्तर द्यायचो. चुकलं की म्हणायचे, "पुन्हा."

तिसऱ्या रजिस्टरात एका रविवारी गुरुजी मधेच थांबले. एक नाव वाचून झालं होतं, पुढच्यावर बोट होतं, पण आवाज येईना. मला वाटलं अक्षर लागत नसेल. मी म्हणालो, "राहू द्या, बाईंच्या वेळी हे पान फाटलेलं होतं, असं त्यांनी सांगितलंय. एक नोंद गाळली होती त्यांनी."

"पान कुठं फाटलंय?" गुरुजी म्हणाले.

मी बघितलं. पान अगदी धड होतं.

"त्यांना म्याच तसं सांगितलं." त्यांनी त्या ओळीवर बोट टेकवलं. "ही माझी हाय. नोंद."

मी लॅपटॉपवरचा हात काढला.

"लिहा," ते म्हणाले. स्वतःचं नाव सांगितलं, वडलांचं सांगितलं, गाव, तारीख. शेवटी सबब. ती आधी उर्दूत वाचली, मग मराठीत सांगितली. सततची गैरहाजिरी, नाव खारीज.

गुरुजी सदतीस वर्षं मास्तर होते. गावातली माझ्या वयाची माणसं अजून सांगतात की एक दिवस दांडी मारली तर गुरुजी घरी यायचे, आणि शेतात असलं तर शेतात यायचे.

"आजारी होता का?" मी विचारलं.

"न्हाय वो. म्हशी. तळ्यात म्हशी सोडायच्या आन त्यांच्या पाठीवर बसून ऱ्हायाचं. चार महिनं शाळंत गेलोच न्हाय. घरी वाटायचं, शाळंत हाय. नाव काढल्यालं कळलं तवा वडलांनी लई हाणलं. नंतर मराठी शाळा झाली, तिथं पुन्हा बशिवलं." ते हसले, पण बोट अजून त्या ओळीवर होतं. "बाई आपली विद्यार्थिनी. तिला कसं वाचून दाखवायचं? तिच्याबी घरी गेलो हुतो म्या एकदा, गैरहाजर म्हनून."

"मग मला कसं सांगितलं?"

"तुम्ही काय," गुरुजी म्हणाले, "तुम्ही तर अख्खी शाळा पुसून आलाव. तुमच्यापुढं काय लाजायचं."

मी आयुष्यात पुष्कळ प्रशस्तिपत्रं मिळवली आहेत, त्यातली तीन चौकटीत आहेत. पण त्या सकाळी मला जेवढं हलकं वाटलं तेवढं त्यातल्या एकानंही वाटलं नव्हतं. मी ती ओळ टंकली. गुरुजींनी लॅपटॉप स्वतःकडं वळवून घेतला, चांगला डोळा जवळ नेऊन ती तपासली आणि म्हणाले, "गैरहाजिरीतला 'जि' ऱ्हस्व." मी दुरुस्त केला.

बाईंना हे सांगावं की नाही, हे मी गुरुजींनाच विचारलं. ते म्हणाले, "रजिस्टर हाय. ज्येला वाचायचं त्यो वाचंल." बाईंनी वाचलं. पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा त्या गुरुजींच्या अंगणात बसून सूनबाईंबरोबर शेंगा फोडत होत्या, आणि गुरुजी त्यांना म्हशींची नावं सांगत होते.

चारही रजिस्टरं संपायला उन्हाळा उजाडला. आता त्यांच्या तीन प्रती आहेत. एक ऑफिसात, एक संस्थेकडं आणि एक बाईंनी कागदावर छापून कपाटात ठेवली आहे. कपाटाची किल्ली माझ्याकडं देत नाहीत. स्क्रिप्टही मी बदलली. आता ती डिस्क पुसायच्या आधी थांबते आणि विचारते की या संगणकावर कोण काम करतं. त्या माणसाचं नाव टंकल्याशिवाय ती पुढं जात नाही. बावीस संगणकांना बावीस वेळा नाव टंकावं लागतं. कंटाळा येतो. येऊ दे.

दरम्यान माझा तो अहवाल संस्थेला फार आवडला होता. मला सास्तूरकडच्या एका शाळेत, बाकीच्या शाळांच्या संगणक शिक्षकांपुढं बोलायला पाठवलं. विषय दिला होता, मानवी हस्तक्षेपाविना अपग्रेड. मी तासभर बोललो. त्यातली दहा मिनिटं स्क्रिप्टवर होती आणि बाकी सगळी फसली सालावर. समोरच्यांनी नम्रपणे वह्यांत लिहून घेतलं. नंतर आयोजकांनी विचारलं की पुढच्या वेळी विषयाला धरून बोलाल का.

परवा ढोकीकडचा एक शेतकरी ऑफिसात आला होता. आजोबांची नोंद हवी होती, दोन-तीन ठिकाणी हेलपाटे घालून झाले होते. मी तिथंच प्रिंटरशी उभा होतो. बाईंनी नाव विचारलं, गाव विचारलं आणि नोंद मिनिटभरात काढून कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो दोनदा वाचला. आजोबांचं आडनाव, गाव, सगळं जुळत होतं.

"कुणी केलं हे काम?" त्यानं विचारलं.

बाईंनी माझ्याकडं बोट दाखवलं. "गुरुजींनी वाचलं, या सरांनी लिहिलं."

त्यानं पुढं होऊन माझे दोन्ही हात हातात घेतले. "लई मोठं काम केलं सर तुम्ही. आमच्या आज्याचं नाव जपलं."

मी मान खाली घालून म्हणालो, "मी फक्त टंकलं हो."

"तेबी दुसऱ्यांदा," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.